जॉबर ते टीम लीड : मोठ्या कंपनीतल्या माणसाचे म्हणणे

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाच होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. आणि कामावर दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा, कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय व्हावी.

या यादीत पगारवाढ नाही. आहे तो वेळ, कष्टाचा मोबदला वेळेवर मिळण्याची हमी आणि स्वतःच्या शरीराची काळजी. चाकणच्या कंत्राटी कामगाराने किंवा हिंजवडीच्या संगणक अभियंत्याने आज आपले गाऱ्हाणे लिहून काढले, तर त्यातही याच तीन गोष्टी सापडतील. म्हणून हा आढावा घ्यावासा वाटला. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला व्यवस्थापनाचा जो अनुभव येतो, तो दीडशे वर्षांत किती बदलला? महाराष्ट्रात या अनुभवाचे तीन मोठे टप्पे आहेत : मुंबईच्या कापड गिरण्या, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा यंत्र आणि वाहन उद्योग, आणि पुण्या-मुंबईतल्या माहिती तंत्रज्ञानाच्या व सल्लागार कंपन्या. तिन्ही टप्पे एकापुढे एक ठेवले की दिसते ते असे : तास, पगार आणि सुरक्षितता यांत खूप झगडून बरीच सुधारणा झाली. पण कंपनी आणि कामगार यांच्यामध्ये जो एक माणूस उभा असतो, त्याच्या हातातली सत्ता जवळपास तशीच राहिली. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायची निर्धोक जागाही अजून पुरती तयार झालेली नाही.

गिरणीतला जॉबर

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी केली. पुढच्या काही दशकांत ताडदेव, लालबाग, परळ, वरळी, नायगाव हा सारा भाग भोंग्यावर उठू-झोपू लागला. पण या हजारो माणसांना गिरणीचा मालक क्वचितच दिसे. त्यांना दिसे तो जॉबर. कोकणातून किंवा घाटावरून आपल्या गावची, आपल्या नात्यातली पोरे तोच आणी. खात्यात तोच लावून घेई, खोलीत तोच जागा मिळवून देई, अडीनडीला पैसे तोच देई. त्याबद्दल दस्तुरी घेई. कुणाला कोणत्या साच्यावर उभे करायचे, कुणाचा खाडा माफ करायचा आणि कुणाला घरी पाठवायचे, हे बहुतेक वेळा त्याच्याच तोंडून ठरे. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हीच जागा नायकिणीची होती.

जॉबरला निव्वळ खलनायक ठरवणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. गिरणगावचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की जॉबरची सत्ता खात्यापुरती नसे, ती वस्तीतल्या त्याच्या वजनावर उभी असे. ज्यांच्यावर हुकूम चालवायचा त्यांच्यातच राहायचे असल्यामुळे त्याला त्यांची मर्जीही सांभाळावी लागे. वरून उत्पादनाचा दट्ट्या, खालून माणसांचा राग. काही संपांत जॉबर मालकाच्या बाजूने उभे राहिले, काही संपांत कामगारांच्या बाजूने. मधल्या माणसाची ही कोंडी पुढच्या प्रत्येक टप्प्यात पुन्हा भेटते.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने, म्हणजे भारतातल्या कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, १९३१ च्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीवर नेमके बोट ठेवले. माणसे लावण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा आणि कारखान्यांत कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी कामगार अधिकारी आला. १९३५ पासून गिरणीमालकांनी बदली कामगारांसाठी, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्यांसाठी, कार्डाची पद्धत सुरू केली. हेतू असा की सकाळी दारात उभ्या राहिलेल्या माणसांतून कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर राहू नये. जॉबरची मनमानी थोडी आवरली, पण बदली कामगाराचे दारात उभे राहणे काही संपले नाही. कुणाचा खाडा पडेल, आज आपल्याला काम मिळेल का, या विचारात माणसांची उमेदीची वर्षे गेली.

गिरणीतला अनुभव सगळ्यांचा सारखाही नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण दलित कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्याला शिवायचे नाही त्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नव्हता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. अन्याय नेहमी वरूनच येतो असे नाही, शेजारच्या साच्यावरूनही येतो, ही गोष्ट कामगार चळवळीला तेव्हा ऐकावी लागली. स्त्रियांची गोष्टही अशीच. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. तो अत्यंत गरजेचा होता, पण त्याचा खर्च मालकावर पडत होता. पुढच्या काळात गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू कमी होत गेल्या. हक्क कागदावर आला की नोकरीच जाते, हा अनुभव त्यांनी फार आधी घेतला.

सूर्यास्त कुणी पुसला

१८८४ च्या अर्जातली सूर्यास्ताची मागणी आज वाचताना थांबायला होते. त्या काळी दिवस संपला की काम थांबणे हा निसर्गाचा नियम होता. खात्यात दिसेनासेच होई. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास धंदा तेजीत असताना अनेक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्याविरुद्ध कामगारांचा उद्रेक झाला, चौकश्या झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी पहिल्यांदा बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. प्रत्येक पायरीला दहा-बारा वर्षे लागली.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नवे तंत्र आधी कामाचा दिवस लांबवते आणि कायदा बऱ्याच वर्षांनी मागून येतो. विजेच्या दिव्याने सूर्यास्त पुसला, लॅपटॉप आणि मोबाइलने फाटक पुसले. गिरणीचा भोंगा निदान सुटल्याचेही सांगत असे. रात्री साडेदहाला आलेला मेसेज काम संपले की सुरू झाले, हे सांगत नाही.

एकच दार ठेवल्यावर

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका शहरातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना, आणि मालकाशी बोलायचा अधिकार तिलाच. रोजच्या तंट्यांना आळा बसावा, वाटाघाटी शिस्तीत व्हाव्यात, हा त्यामागचा विचार होता. कापड उद्योगात हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. पण संघटनेवरचा कामगारांचा विश्वास उडाला तर काय, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

ते उत्तर कामगारांनी १८ जानेवारी १९८२ ला दिले. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याचा प्रश्न होता, आणि त्याचबरोबर हा कायदा आणि ही एकमेव संघटना आमच्यावर लादू नका, असेही म्हणणे होते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तो विरत गेला. त्यापाठोपाठ गिरण्या गेल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाने त्या घरांच्या आत काय घडले हे मराठी प्रेक्षकाला दाखवले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून तो काळ त्यांच्याच शब्दांत नोंदवला.

चाळीस वर्षांनी एसटीच्या संपात याच गोष्टीचे पडसाद उमटले. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास चालक-वाहकांनी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी लावून धरली आणि मान्यताप्राप्त संघटनांना बाजूला सारून ते महिनोन्महिने बाहेर राहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये ते कामावर परतले. मागणी व्यवहार्य होती का, यावर दुमत असू शकते. पण हजारो माणसे आपल्याच संघटनेला ओलांडून जातात, तेव्हा गाऱ्हाणे वर नेणारी वाट आधीच बुजलेली असते. व्यवस्थापनालाही यात धडा आहे. आपल्या सोयीची संघटना हाताशी असली की शांतता राहते खरी, पण खाली काय शिजते आहे हे कळायचे बंद होते.

एक लाइन, दोन पगार

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा माळ बघता बघता बदलला. 'टेल्कोत आहे', 'बजाजमध्ये लागला' या शब्दांवर पुणे जिल्ह्यात लग्ने जुळली. कायम नोकरी, कंपनीची बस, कॅंटीन, दवाखाना, भविष्यनिर्वाह निधी. गिरणीच्या मानाने ही मोठी झेप होती आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेतकऱ्याच्या घरातला पहिला पगारदार माणूस इथेच घडला.

पण सन्मान आणि शिस्त यांचा झगडा इथेही होताच. टेल्कोतला संघर्ष १९८९ मध्ये शनिवारवाड्यापर्यंत आला. हजारो कामगार तिथे उपोषणाला बसले आणि पोलिसांनी रात्री त्यांना उचलून नेले. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात सुमारे पन्नास दिवस संप चालला. त्यात कामगारांनी कंपनीचे शेअर सवलतीत मागितले होते. मागणी मान्य झाली नाही, पण तिच्यातला विचार नवा होता : आम्ही नुसते पगारी नाही, कंपनीच्या वाढीत आमचाही वाटा आहे.

याच काळात कारखान्याच्या आत एक भिंत उभी राहिली. एका बाजूला पर्मनंट, दुसऱ्या बाजूला कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस. लाइन एकच, काम एकच, घाम एकच. पगार, बोनस आणि सुट्ट्या मात्र निराळ्या. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या संघटित कारखान्यांत दहापैकी सुमारे चार कामगार आता कंत्राटदारामार्फत येतात. कंत्राटी कामगाराला विचारा, 'तुझी कंपनी कोणती?' तो मोठ्या कंपनीचे नाव सांगतो, पण पगाराच्या चिठ्ठीवर कंत्राटदाराचे नाव असते. सुपरवायझर एकाचा, पगार दुसऱ्याचा. तक्रार कुणाकडे करायची, हेच ठरत नाही. माणसे आणणारा, त्यांना ठेवणारा आणि काढणारा कंत्राटदार म्हणजे कागदोपत्री नोंदणी झालेला जॉबरच.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. माणसांना कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने त्यांना वर्षानुवर्षे 'बदली' किंवा हंगामी म्हणून ठेवणे, ही प्रथा त्या यादीत आहे. गिरणीच्या दारातला 'बदली' हा शब्द थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला आहे. शब्द कायद्यात आला, तरी माणूस दारातच राहिला.

मोठ्या कंपनीच्या फाटकाबाहेर तर आणखी एक थर आहे : तिला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारा मुलगा बहुधा तिथला असतो. हरियाणातल्या मानेसर-गुरुग्राम पट्ट्यापासून काम सुरू केलेली 'सेफ इन इंडिया' ही संस्था अशा अपघातांची नोंद वर्षानुवर्षे ठेवते आहे. प्रेसवर सेन्सर नाही, शिकवलेले नाही आणि आकडा गाठायची घाई, ही कारणे वर्षामागून वर्षे तीच आहेत. गाडीवर नाव मोठ्या कंपनीचे असते. मग त्या बोटाची जबाबदारी कंपनीच्या फाटकाशी कशी संपेल?

मानेसरच्याच मारुती कारखान्यातल्या २०११-१२ च्या अशांततेत कामगारांच्या तक्रारींत चहाची सुट्टी होती : साडेसात मिनिटे. तेवढ्यात लाइन सोडायची, स्वच्छतागृहात जायचे, चहा घ्यायचा आणि परत यायचे. पुढे जुलै २०१२ मध्ये तिथे हिंसाचार झाला आणि एका व्यवस्थापकाचा जीव गेला. त्या मृत्यूचे समर्थन कशानेही होत नाही. पण गाऱ्हाणे साडेसात मिनिटांचे असताना कुणी कान दिला असता, तर गोष्ट तिथवर गेली असती का, हा प्रश्न प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा.

हिंजवडीतला साहेब

माहिती तंत्रज्ञान उद्योग आज देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांना थेट काम देतो. मराठी मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी त्याच्या जिवावर उभी राहिली. छोट्या गावातून इंजिनीअर झालेल्या मुलामुलींनी घरे घेतली, आईवडिलांची कर्जे फेडली, परदेश पाहिला. हेही आढाव्यात ठळकपणे यायला हवे, नाहीतर चित्र खोटे पडेल.

पण तिथल्या लोकांशी निवांत बोलले की शब्द कानावर येतात ते निराळेच : बेंच, बिलेबल, रिलीज, रेटिंग, नोटीस पिरियड. क्लायंट पैसे मोजतो ते तास 'बिलेबल'. प्रोजेक्ट नसेल तर माणूस 'बेंच'वर, आणि बेंचवरचे दिवस वाढले की पोटात गोळा. दुसऱ्या प्रोजेक्टला जायचे तर मॅनेजरने 'रिलीज' द्यायला हवा. वर्षाअखेरीस रेटिंग त्याच्याच हातात. अनेक कंपन्यांत हे रेटिंग ठरावीक प्रमाणात वाटायचे, म्हणजे टीममध्ये सगळ्यांनी जीव तोडून काम केले तरी कुणाला तरी खाली ढकलावेच लागते. नोकरी सोडायची तर तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, आणि त्याच्या शेवटी रिलीव्हिंग लेटर सुखरूप मिळेल ना, ही धाकधूक.

म्हणजे सुट्टी, बढती, परदेशवारी, पगारवाढ आणि सुटका या पाचही गोष्टींची किल्ली एकाच माणसाकडे. कंपनीत लाखो लोक असोत, तिच्या कचेऱ्या पन्नास देशांत असोत, आठ जणांच्या टीममधल्या मुलीसाठी कंपनी म्हणजे तिचा मॅनेजर. तो भला असेल तर कंपनी भली. आणि तो मॅनेजरही बहुतेक वेळा तिच्यासारखाच दडपलेला असतो. क्लायंटची तारीख त्याने ठरवलेली नसते, रेटिंगचे प्रमाण त्याने ठरवलेले नसते, टीममध्ये दोन माणसे कमी असल्याचे त्याने दहा वेळा वर सांगितलेले असते. चांगला कोड लिहितो म्हणून त्याला माणसांवर नेमले. माणसे सांभाळायला कुणी शिकवले नाही.

या टप्प्यावर कामगाराने गाऱ्हाण्याऐवजी राजीनामा हे हत्यार वापरले. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते की संस्थेचे बिघडू लागले की माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा बोलणे. जिथे सोडणे सोपे असते, तिथे बोलण्याची सवय मोडते. २०२२ च्या मध्याला इन्फोसिसमधील नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २८ टक्क्यांवर गेले होते. मागणी होती, नोकऱ्या होत्या, लोक गेले. मग भरती आटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. सोडून जाण्याची वाट अरुंद झाली आणि बोलण्याची वाट तर कधी बांधलीच नव्हती. पुण्यात आणि इतर शहरांत या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना गेल्या काही वर्षांत उभ्या राहू लागल्या त्या याच पोकळीतून.

पोकळीची किंमत जीवाने मोजल्याचे प्रसंगही आहेत. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीचा बलात्कार करून खून झाला, आणि गुन्हेगार तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या टॅक्सीचा चालक आणि त्याचा साथीदार होते. त्यानंतर रात्रीच्या वाहतुकीच्या नियमांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. २०२४ मध्ये एका जागतिक लेखापरीक्षण कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात रुजू झालेल्या २६ वर्षांच्या लेखापाल तरुणीचा चार महिन्यांतच मृत्यू झाला. मुलीच्या मृत्यूनंतर आईने कंपनीला लिहिलेल्या पत्राने देश हलला. कंपनीने कामाच्या ताणाचा संबंध नाकारला. मात्र राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली तेव्हा ते कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीविना चालत असल्याचे समोर आले. ज्या कार्यालयाची नोंदच नाही, तिथे कामाचे तास कोण मोजणार होते?

तासांचा हिशेब

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे विधान गाजले. देशभक्ती आणि कष्ट यांची सांगड घालणे सोपे असते, म्हणून आकडे समोर ठेवायला हवेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातले निम्म्याहून अधिक कामकरी लोक आधीच आठवड्याला ४९ तासांपेक्षा जास्त राबतात. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात लांबलेल्या कामाशी जोडलेले मृत्यू सुमारे साडेसात लाख होते.

मालक किंवा संस्थापक जे तास स्वतः देतो, ते त्याच्या मालकीच्या गोष्टीसाठी असतात. तेच तास पगारी माणसाकडून मागताना त्याच्या घरातले मूल, म्हातारे आईवडील, लोकलमधले दीड तास आणि स्वयंपाकघरातली दुसरी पाळी, विशेषतः स्त्रियांची, हिशेबात धरावीच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-कार्यालयांतला ९ वरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला कायम राहील, असे सांगण्यात आले. पण जादा वेळाची नोंद ठेवतो तोच मधला माणूस. नोंद खरी नसेल, तर दुप्पट मोबदला कशाचा?

ऐकून घेण्याचे प्रयोग

मोठ्या कंपन्यांनी ऐकण्याचा प्रयत्नच केला नाही, असे नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१ हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. माणसे मनमोकळी बोलली, त्यांना बरे वाटले, व्यवस्थापनशास्त्राला नवी दिशा मिळाली. पुढे कारखान्यात समुपदेशक नेमले गेले, पण त्यांच्याकडे काही बदलण्याचा अधिकार नव्हता. आजच्या कंपन्यांतली दर तिमाहीची 'सर्व्हे' लिंक त्याच घराण्यातली. सहा जणांच्या टीममध्ये निनावी उत्तर कुणाचे, हे ओळखायला मॅनेजरला वेळ लागत नाही. म्हणून लोक सगळीकडे 'चांगले' वर खूण करतात आणि कामाला लागतात.

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ मध्ये झालेला प्रयोग यापेक्षा खोल होता. टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले की स्वयंचलित मागांवर कामाचे इतके तुकडे केले आहेत की बिघाड झाला तर कुणी कुणाला सांगायचे हेच स्पष्ट नाही. त्यांनी सात जणांच्या गटाकडे ६४ माग एकत्र सोपवण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती लगेच उचलली आणि गट आपले आपणच जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. बदललेली गोष्ट एकच होती : कामाविषयी ठरवण्याचा काही भाग काम करणाऱ्यांच्या हातात आला होता.

जमशेदपूरचे उदाहरणही या संदर्भात महत्त्वाचे आहे. टाटा स्टीलने १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस सुरू केला, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण तिथेही १९२० आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. त्या झगड्यांतून शिकत १९५६ मध्ये कंपनी आणि संघटना यांनी संयुक्त सल्लामसलतीचा करार केला आणि विभागवार समित्या उभ्या राहिल्या. मालकाची सद्भावना सुरुवात करून देते, ती टिकवायला मात्र समोर बरोबरीने बसणारा माणूस लागतो.

नव्या संहितांकडून काय अपेक्षा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. प्रत्येकाला नेमणूकपत्र, ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सरकारी परवानगीशिवाय कामगार कपात करता येणे किंवा कारखाना बंद करता येणे, ही गोष्ट मात्र कामगाराचा आधार पातळ करणारी आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कळीची तरतूद साधी आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान आणि स्त्रियांना कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणात जागा. ही कल्पना नवी नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ती २०१० मध्येच आली होती, पण कितीतरी ठिकाणी फलकावरच्या नावांपुरती राहिली. त्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्याही आड येते. ज्याच्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापले आहे, पण जो दिवसभर स्वतःच कोड लिहितो किंवा हिशेब तपासतो, त्याला कायद्याने कामगार म्हणायचे की नाही, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालतो. हुद्दा मोठा देऊन हक्क काढून घेण्याची ही सोय बंद व्हायला हवी.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने एक महत्त्वाचा पायंडा पाडला आहे : समितीत बाहेरचा सदस्य बंधनकारक. हीच पद्धत सगळ्या गाऱ्हाण्यांना का लावू नये? मॅनेजरविरुद्धची तक्रार त्याच्याच वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ नये. तक्रार केलेल्या माणसाचे पुढच्या दोन वर्षांचे रेटिंग आणि बदली बाहेरच्या सदस्याने तपासावी. कंत्राटी कामगारालाही त्याच समितीत जागा असावी, कारण त्याचा दिवस त्याच लाइनवर जातो. आणि मधल्या माणसाला नेमताना त्याच्या हाताखालच्यांना त्याच्याविषयी काय वाटते, हे बढतीच्या कागदात उतरावे. जॉबरला, सुपरवायझरला, टीम लीडला एकट्याला दोष देऊन काही साधणार नाही. त्याच्यावरचा दट्ट्या आणि त्याच्या हातातली अमर्याद मुखत्यारी, दोन्ही एकदम कमी करावे लागतील.

लोखंडे यांच्या अर्जाला फळ यायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनी भाषणे केली. गिरणीत राबणाऱ्या बाया एवढ्या गर्दीसमोर उभ्या राहून बोलल्या, कारण आपण एकट्या नाही हे त्यांना दिसत होते. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सगळे जी रविवारची सकाळ उपभोगतो, तिच्यात त्या दोघींचा आवाज आहे. हिंजवडीतली एखादी मुलगी रात्री उशिरा एचआरला ईमेल लिहिते, तीनदा वाचते आणि पाठवायच्या ऐवजी पुसून टाकते. तिला तो पाठवता यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निर्धास्तपणे कामावर जाता यावे, एवढे जी कंपनी करून दाखवेल तिला मी मोठी कंपनी म्हणेन.